पार्सिपनीचं आवर्तन

जिथे पाणी पोचलं तिथे संस्कृती फुलली, हे इतिहासाने वारंवार सिद्ध केलेलं आहे. अमेरिकेतल्या पार्सिपनीत ते एकोणीसशे शहाऐंशीच्या जून महिन्यात, एका विमा कंपनीच्या पार्किंग लॉटला लागून असलेल्या हिरवळीवर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सिद्ध झालं. संस्कृतीचं वय तेव्हा साडेचार वर्षं होतं, तिच्या अंगात पिवळा स्विमसूट होता आणि ती भोकाड पसरून रडत होती.

तिचं नाव उत्तरा देवस्थळी. तिचा बाप श्रीरंग गाडीच्या बॉनेटला टेकून, आपलं कुठे चुकलं याचा विचार करत उभा होता. खरं तर त्याचं कुठेच चुकलं नव्हतं. लहान मुलाला मनसोक्त भिजता येईल असं पाणी तो मे महिन्यापासून शोधत होता, आणि एका निळ्या वहीत सगळं रीतसर टिपून ठेवत होता: स्थळ, खोली, प्रवाह, शेरा. अपार्टमेंटच्या स्विमिंग पूलमध्ये सहा वर्षांखालच्यांना मनाई होती. गावच्या पूलची वेटिंग लिस्ट पाहता उत्तराचा नंबर लागेपर्यंत तिला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं असतं. काउंटीच्या बागेत मुलांसाठी म्हणून फवारे होते. फवारे तीन, त्यातला चालू एक, त्याच्याखाली मुलं वीस, आणि कडेला उभ्या आईबापांचे चेहरे थेट रेशनच्या दुकानासमोरचे. तळ्यावर नेलं, तर उत्तराने बदक पाहिलं, बदकाने उत्तराला पाहिलं, आणि पुन्हा भेटायचं नाही असं दोघांनी ठरवलं. शेवटी प्लास्टिकचा टब आणून बाल्कनीत भरला. तो पहिल्याच दिवशी कलंडला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या पेटत्या बार्बेक्यूवर गेला. शेऱ्याच्या रकान्यात श्रीरंगने लिहिलं, ‘प्रवाह उत्तम. संबंध बिघडले.’

त्या शनिवारी बापलेक एका स्विम क्लबच्या दारातून परत फिरली होती. मेंबर बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत, असं तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं होतं. उत्तराने गाडीत जो सूर लावला तो रूट दहाच्या हायवेपर्यंत टिकला, म्हणून श्रीरंगने दिसलेल्या पहिल्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी घातली. काचेची चारमजली इमारत, शनिवारची सामसूम, आणि समोर क्रिकेटची मॅच होईल एवढी हिरवळ. उत्तरा खाली उतरली, गवतात फतकल मारून बसली आणि उरलेलं रडू लागली. इमारतीच्या मागच्या दाराशी एक जाडगेला माणूस कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्याने थोडा वेळ हा कार्यक्रम पाहिला आणि तो आत गेला.

मग गवतातून खट्-खट्-खट् करत एकामागून एक अकरा फवारे उठले.

उत्तराचं रडणं तोंडातच राहिलं. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं.

“बाबा! इट्स रेनिंग अपसाइड डाउन!”

अशा वेळी दुसऱ्या कुठल्याही बापाने मुलीकडे पाहिलं असतं. श्रीरंगने घड्याळाकडे पाहिलं. तो पाटबंधारे खात्यातून आलेला होता.

खात्यात त्याने तीन वर्षं काढली होती, नगर जिल्ह्यातल्या एका कालव्यावर कनिष्ठ अभियंता म्हणून. तिथले कार्यकारी अभियंता हेमचंद्र राजवाडे यांना हा पोरगा इतका पसंत पडला की त्यांनी आपली मुलगी सुमेधा त्याला दिली. पुढच्याच वर्षी जावयाने राजीनामा दिला आणि तो अमेरिकेला आला. आप्पांनी, म्हणजे राजवाड्यांनी, जावयाला अमेरिका माफ केली. नोकरी माफ केली नाही. श्रीरंग ज्या कंपनीत होता ती कॉफीच्या मशिनचे व्हॉल्व्ह बनवायची. कप ठेवला की कपभर पाणी सोडायचं, आणि बंद करायचं. नातेवाइकांत आप्पा एवढंच सांगत, ‘जावई तिकडे पाण्याच्याच कामावर आहेत.’ किती पाण्याच्या, ते सांगत नसत. सुमेधा पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा मात्र ते तिला म्हणाले होते, “मी त्यांना कालवा दिला होता. त्यांनी कप घेतला.”

सुमेधाने हे वाक्य नवऱ्याला सांगायला नको होतं. पण बायका सांगतात. त्याला आता आठ वर्षं झाली होती, आणि ऑफिसात कुठल्याही मशिनमधून कॉफी घेताना श्रीरंगला ते ऐकू यायचं.

आणि आप्पा, आता अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले, येत्या जुलैत पहिल्यांदा अमेरिकेला यायचे होते. महिनाभर.

तेव्हा त्या अकरा फवाऱ्यांत श्रीरंगला काय दिसलं असेल, हे सांगायची गरज नाही. त्याला आवर्तन दिसलं. धरणातून कालव्याला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरावीक काळ पाणी सोडतात, ते आवर्तन. त्याने निळी वही काढली आणि नवीन पान उघडलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो एकटाच वही घेऊन तिथे तासभर बसला. पाणी आलं नाही. बुधवारी ऑफिसला जाताना टाय लावून थांबला. नाही. पुढच्या शनिवारी उत्तराला घेऊन नऊलाच हजर झाला. नऊ वाजून आठ मिनिटांनी पाणी आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी नऊ अकरा. श्रीरंगने ग्राफ पेपरवर टिंबं काढली, सरासरी काढली आणि सुमेधाला हाक मारली.

“दर शनिवारी, नऊ दहा. कमी-जास्त दोन मिनिटं. चाळीस मिनिटांचं आवर्तन आहे.”

“गवताला पाणी घालतायत रे ते,” सुमेधा म्हणाली. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती आणि शनिवारी झोपायची.

“गवताला पाणी कोणीही घालतं. मी त्यांची पद्धत शोधून काढली.”

त्याच कॉम्प्लेक्समध्ये नागपूरचा गिरीश राहायचा. कॉम्प्युटरवाला, चार वर्षांच्या जुळ्यांचा बाप, म्हणजे पाण्याची गरज दुप्पट. त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा तो गाडीतून उतरेना.

“यार श्रीरंग, हे प्रायव्हेट गवत आहे ना? कोणी पोलीस बोलावले तर?”

“पाणी आपण सोडलंय का?”

“नाही.”

“मग? ते सोडतात. आपण मध्ये उभे राहतो.”

“कोर्टात सांगशील हे?”

“बघ तिकडे.” मागच्या दाराशी तो कॉफीवाला माणूस उभा होता. श्रीरंगने हात केला. त्यानेही कप उंच केला. “काही म्हणतोय का तो?”

वहीत त्या माणसाची नोंद होती: ‘स्थानिक बघे – एक.’

जुळ्यांनी उड्या मारल्या, गिरीशची बायको लता सँडविच घेऊन आली, आणि तिच्यामागून आठवडाभरात ही बातमी तासाभराच्या अंतरावरच्या एडिसनपर्यंत गेली. श्रीरंगने ऑफिसच्या झेरॉक्सवर एक पत्रक काढलं. वर ‘ग्रीष्मकालीन आवर्तन पत्रक, लहान मुलांसाठी’, खाली वेळ, कालावधी, लाभक्षेत्र, फवाऱ्यांची संख्या, आणि सूचना: ‘लाभधारकांनी पाच मिनिटं आधी यावं. टॉवेल आपापले आणावेत.’ अकरा घरांत ते पोस्टाने गेलं. जुलै उजाडला तेव्हा हिरवळीवर चौदा मुलं होती. कोणी बादली-तांब्या आणला होता. एका आजींनी नातवाला थेट फवाऱ्याखाली पाटावर बसवून साबण लावला होता. पुढच्या पत्रकात एक सूचना वाढली.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. एका शनिवारी गिरीशने गाडीची किल्ली गाडीतच ठेवून दार लावलं आणि सगळ्यांची वरात नऊ पस्तीसला पोचली. बायका चिडल्या होत्या, पोरं पेंगुळली होती, आवर्तन संपत आलं असणार म्हणून श्रीरंगचा चेहरा उतरला होता. पाहतात तर गवत कोरडं. आणि नऊ सदतीसला फवारे उठले.

दुसऱ्या कोणाला ही नशिबाची गोष्ट वाटली असती. श्रीरंगने त्या दिवशीचं तापमान पाहिलं. ब्याण्णव फॅरनहाइट होतं.

“उष्णतेने टायमरचं चाक मंदावतं,” त्याने गिरीशला समजावलं. “नव्वदच्या वर गेलं की सत्तावीस मिनिटं धरायची.”

“म्हणजे मी किल्ली विसरलो ते बरोबरच केलं?”

“योगायोगाने.”

मुलं दमून सँडविचकडे वळली की पाणी बंद व्हायचं, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. एकदा पोरं हटेचनात तर पाणी पंचावन्न मिनिटं चाललं. श्रीरंगने त्याचं कारण जमिनीतल्या ओलाव्यात शोधलं आणि तिथे ते सापडलंही. शोधणाऱ्याला ओलावा सापडतोच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पा आले. धोतर सुटकेसमध्ये, सफारी अंगावर, मनगटावर खात्याने निरोपाच्या समारंभात दिलेलं घड्याळ. दोन दिवस ते झोपले. तिसऱ्या दिवशी श्रीरंगने पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि पेपर वाचायचं नाटक करत बसला.

आप्पांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन्सिल काढली. सासरेबुवा परदेशी येतानाही लाल पेन्सिल घेऊन आले आहेत हे पाहून श्रीरंगला कालव्यावरचे दिवस आठवले.

“श्रीरंगराव.”

“हां, आप्पा.”

“हे तुषार सिंचन आहे. याला आवर्तन म्हणत नाहीत.”

“तत्त्व तेच आहे, आप्पा. ठरलेली वेळ, ठरलेलं पाणी.”

“असू दे. रकाने चांगले पाडलेत. एक राहिलाय.” त्यांनी कागदाच्या तळाशी लाल रेघ ओढली. “पाणी सोडणारा कोण?”

“कोणी नाही. टायमर आहे. ऑटोमॅटिक.”

“टायमरला सही करता येते का?”

“इथे सही लागत नाही, आप्पा.”

“पाणी आपोआप येत नसतं, श्रीरंगराव. छत्तीस वर्षं पाहिलं. मंत्री म्हणतो मी सोडलं, कलेक्टर म्हणतो मी सोडलं, आम्ही म्हणतो आम्ही सोडलं. आणि तिकडे चारीवर एक पाटकरी गुडघाभर चिखलात उभा राहून दार वर ओढत असतो. तुमचा पाटकरी कुठाय?”

“अमेरिकेत पाटकरी नसतो.”

“असं?” आप्पा म्हणाले आणि त्यांनी कागद घडी घालून परत दिला.

पुढचे तीन शनिवार ते आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा शुक्रवारी एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून चार तास चालायचा, शनिवारी सकाळी दुखायचा. सुमेधाने वडिलांना एकदा विचारलंही, “आप्पा, जाऊन बघा ना. त्याने तुमच्यासाठीच मांडलंय ते सगळं.” आप्पा म्हणाले, “लोकांच्या गवतावर जाऊन मी काय पाहू?” श्रीरंग बाथरूममध्ये दाढी करत होता. दार उघडं होतं.

परतीचं विमान दहा ऑगस्टचं, रविवारचं. आदल्या दिवशी, शनिवारी, आठ वाजता उत्तराच गेली आजोबांच्या खोलीत. स्विमसूट घालून.

“आजोबा, यू हॅव टु कम. इट्स युवर लास्ट चान्स.”

“काय म्हणते ही?”

“पाण्याची शेवटची पाळी आहे म्हणते,” सुमेधा म्हणाली.

शेवटची पाळी चुकवणारा माणूस खात्यात छत्तीस वर्षं टिकत नाही. आप्पा उठले. सुमेधाने वाटेत खायला बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि या शनिवारी तीही आली.

हिरवळीच्या कडेला सोळा मुलं रांगेत उभी होती. आया टॉवेल घेऊन, बाप कॅमेरे घेऊन. नऊ पाच झाले. श्रीरंगने निळी वही उघडून धरली होती. आज नुसते दोन महिन्यांचे आकडे पणाला नव्हते. आठ वर्षांचा कप पणाला होता. तापमान त्याने निघतानाच पाहिलं होतं, अठ्ठ्याहत्तर. दुरुस्ती शून्य.

“नऊ दहा म्हणालात,” आप्पा म्हणाले. त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं होतं.

“नऊ दहा. दोन मिनिटं इकडे-तिकडे.”

“नऊ नऊ झाले.”

गिरीशने जुळ्यांना धरून ठेवलं होतं. मागच्या दाराशी कॉफीवाला दिसला, मग दिसेनासा झाला. आप्पांच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला आणि खट्-खट्-खट् करत अकराच्या अकरा फवारे उठले. सोळा मुलं किंचाळत पाण्यात घुसली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लताने श्रीरंगच्या पाठीवर थाप मारली, जी तिने एरवी मारली नसती.

आप्पा बराच वेळ घड्याळाकडेच बघत राहिले.

“मिनिटाची चूक नाही,” ते म्हणाले. “आमचं आवर्तन आठ-आठ दिवस लांबायचं. शेतकरी बांधावर बसून शिव्या घालायचे.”

श्रीरंगने वहीत वेळ टिपली.

“यंत्रणा बघून येतो,” आप्पा म्हणाले, आणि लाडवांचा डबा हातात तसाच घेऊन इमारतीच्या मागे चालायला लागले. गुडघा ठीक होता. वीस मिनिटांनी परतले तेव्हा हातात डबा नव्हता.

“आप्पा, लाडू?” सुमेधाने विचारलं.

“दिले.”

“कोणाला?”

“पाटकऱ्याला.”

सगळे हसले. काका भारी आहेत यार, असं गिरीश म्हणाला. आप्पाही थोडे हसले. मग त्यांनी श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नात अंतरपाट बाजूला झाल्यावर ठेवला होता, त्यानंतर आजच.

“काम पक्कं आहे तुमचं, श्रीरंगराव. सोळा पोरं भिजली. फक्त पत्रकात माणसाचं नाव घाला. नाव नसलं की लोकांना वाटतं, पाणी आपोआप येतं.”

श्रीरंगला गहिवरून आलं. सासऱ्यांना विमानात बसवून आला त्याच दिवशी त्याने पत्रक नव्याने टाइप केलं, आणि तळाशी, लाल रेघ होती त्या जागी, एक रकाना वाढवला: ‘सक्षम अधिकारी – श्रीरंग देवस्थळी.’

ऑगस्टच्या शेवटी आप्पांचं पत्र आलं. लेबर डेच्या सोमवारच्या सुट्टीआधीचा शनिवार होता. सतरा मुलं रांगेत उभी होती. नऊ वाजता श्रीरंगने पत्र बॉनेटवर पसरलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. दोनदा घरी वाचलं होतं, त्यामुळे कुठे थांबायचं ते ठाऊक होतं.

‘चि. श्रीरंगराव यांस अनेक आशीर्वाद. येथे निवृत्त अभियंत्यांच्या मासिक सभेत तुमच्या पार्सिपनीच्या कामाची माहिती दिली. तुम्ही बरोबर दिलेला आलेखही दाखवला. नऊ दहा म्हणजे नऊ दहा, हे सांगितल्यावर सभा उठून उभी राहिली. मी त्यांना म्हटलं, आमच्या जावयांनी कालवा सोडला असं मला वाटत होतं. तो त्यांनी बरोबर नेला होता.’

इथे श्रीरंग थांबला. सुमेधाने नवऱ्याकडे पाहिलं आणि गॉगल लावला. गिरीश हळूच म्हणाला, “वा यार.” सतरा मुलांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं, पण बाकी सगळ्यांचं होतं. त्या क्षणी रूट दहाच्या दोन्ही बाजूंना श्रीरंग देवस्थळीइतका उंच माणूस नसेल. त्याने शेवटची ओळ वाचली.

‘ता. क. तुमच्या पाटकऱ्यास माझा नमस्कार सांगावा. लाडू आवडले असतील.’

पुन्हा सगळे हसले. आप्पांचा तो विनोद आता सगळ्यांचा झाला होता.

नऊ दहा झाले. नऊ बारा झाले. श्रीरंगने हात वर करून सगळ्यांना धीर धरायला सांगितलं. नऊ वीसला त्याने तापमान पाहिलं, ऐंशी. दुरुस्ती बसत नव्हती, तरी त्याने ती लावून पाहिली. नऊ सदतीस झाले. रांगेतली पोरं एकेक करून गवतात बसली. उत्तराने बापाच्या पँटला धरलं.

“बाबा, इज इट ब्रोकन?”

मागच्या दारातून आज कॉफीवाला आला नाही. युनिफॉर्ममधली एक उंच बाई आली, हिरवळ ओलांडून सरळ श्रीरंगपाशी, हातात एक मोकळा डबा घेऊन. फवाऱ्यांची मुलं ती हीच का, असं तिने विचारलं. दाराशी कॉफी घेऊन उभा असतो तो सॅल लाँग वीकेंडसाठी समुद्रावर गेलाय, मंगळवारी येईल, म्हणाली. मुलं आली की व्हॉल्व्ह उघड, असं तो तिला बजावून गेला होता, पण व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगायला विसरला होता. डबा म्हाताऱ्या साहेबांना परत द्यायला सांगितलाय, आणि लाडवांबद्दल थँक यू.

“पण टायमर?” श्रीरंगने विचारलं.

टायमर एप्रिलमध्येच जळाला होता.